शेवटचं विलायती पोतं

"मास्तर, खरं सांगा. त्या इनासला तुम्ही कुठला माल्ट दिलात?"

दाराशा मास्तर व्हरांड्यात बसून बाटल्या धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तुला दिला तोच."

यशोधन बर्व्यांचा विश्वास बसला नाही.

देवळालीच्या त्या बंगलीत ते आठ वर्षं येत होते. मास्तरांची उभी हयात बिअरच्या कारखान्यात गेलेली. आता घरच्या घरी, तांब्याच्या एका हंड्यात, ते माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवापासून, पोर्टर ही इंग्रजी धाटणीची काळी बिअर करायला शिकवत. बर्वे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. येताना थर्मामीटर, वह्या, तक्ते, सगळं घेऊन यायचे. आठ वर्षांत मास्तर त्यांना फार तर "ठीक" म्हणाले होते.

इनास परेरा मूळचा वसईचा, नाशिकरोडला बेकरी चालवणारा. त्याला येऊन जेमतेम सहा महिने झालेले. आणि गेल्या रविवारी त्याच्या पोर्टरचा एक घोट घेऊन मास्तर डोळे मिटून बसले होते...

मग म्हणाले होते, "ही मी केली असती तर बरं झालं असतं."

ते वाक्य बर्व्यांच्या छातीत काट्यासारखं मोडून राहिलं. आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. फळ्यावर लिहितानाही इनासचा तो ओशाळलेला, हसरा चेहरा समोर यायचा.

"आपल्याकडचा माल्ट फिका, मास्तर. पिवळ्या, हलक्या बिअरचा. त्याच्या पोर्टरला बिस्किटासारखी चव होती. ती विलायती माल्टशिवाय येत नाही."

"नाही येत?"

"पुस्तकात तसं आहे."

"हं..."

"माळ्यावर एक विलायती पोतं आहे. मी पाहिलंय."

मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठले. आत जाऊन त्यांनी शिडी लावली, आणि बर्वे पुढे होईपर्यंत पोतं खाली ओढलंसुद्धा.

कारखान्याची शिवण जशीच्या तशी होती. एक टाकाही उसवलेला नव्हता.

बर्व्यांचे कान तापले.

"घे, डिकरा. शेवटचं आहे. तू ह्यात कर. इनास इथल्या माल्टमध्ये करेल. महिन्यानं या दोघं."

नको म्हणावं, असं बर्व्यांच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांनी पोतं उचललं आणि गाडीत ठेवलं... इनास यायच्या आत.

पोर्टर घातली त्या दिवशी त्यांनी पाण्याचं तापमान अर्ध्या अंशानेही ढळू दिलं नाही. तरी मन थाऱ्यावर नव्हतं. चौथ्या दिवशी पाव घ्यायचं निमित्त करून ते इनासच्या बेकरीत गेले.

इनासने त्यांना थेट भट्टीपाशी नेलं. ट्रेमध्ये माल्ट पसरला होता. इथलाच, फिका.

"पाव निघाले की भट्टी निवायला लागते ना सर, तेव्हा थोडा भाजून घेतो. सगळा नाही. दहातला एक वाटा. बिस्किटांसारखा वास सुटला की काढायचा. मास्तरांना सांगितलं तर ते नुसते हसले." त्याने मूठभर माल्ट पुढे केला. "चावून बघा. तुम्हालाही देऊ का भाजून?"

"नको."

बर्वे पाव न घेताच परतले. त्याने काही लपवलेलं सापडलं असतं, तर त्यांना बरं वाटलं असतं.

महिन्याने दोघंही बंगलीवर आले. मास्तरांनी दोघांच्या पोर्टरचे दोन मग भरले, दोन्ही बर्व्यांपुढे ठेवले.

बर्व्यांनी आपल्या मगातून घाईने एक घोट घेतला आणि लगेच इनासचा मग उचलला. हुंगला. घोट जिभेवर घोळवला. पुन्हा घेतला. मग चोरून मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी विचारलं,

"कशी आहे?"

"इनासची जरा कच्ची वाटते. शेवटी कडवटपणा रेंगाळतो."

इनासने मान डोलावली. "हो सर, मलाही वाटलं."

"आणि तुझी?" मास्तरांनी विचारलं.

"इनासच्यापेक्षा भरदार."

"तुझी कशी आहे?"

"तेच सांगतोय ना, इनासच्यापेक्षा..."

बर्वे थांबले. आपल्या घोटाची चव आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. जिभेवर काहीच नव्हतं. विलायती माल्ट, महिनाभराची राखण, आणि ती लागली कशी, हेच त्यांना सांगता येईना.



मास्तरांनी इनासचा मग उचलला, कठड्यापाशी गेले आणि सगळी बिअर खाली जास्वंदीच्या मुळाशी ओतून दिली. रिकामा मग पालथा ठेवला.

मग परत येऊन, उरलेला मग बोटाने बर्व्यांपुढे सरकवला.

"आता पी."