नदीपलीकडची सदिच्छा भेट

एका रानावर ठिपकेश्वर नावाचा बिबट्या राज्य करत होता. रानात सभा होती. सभेचा होकार असल्याशिवाय राजाने फौज नदीपलीकडे नेऊ नये, असा कायदाही होता. आधीच्या राजाने हौसेने केलेल्या लढाईत निम्मं रान विधवा झालं, तेव्हा उरलेल्यांनी तो केला होता. ठिपकेश्वर दर वर्षी त्या कायद्याला हार घालत असे.

साळूबाई साळिंदर सभेच्या सदस्य होत्या. एके सकाळी फौजेने त्यांचा मुलगा काट्या याला भरती करून नेलं. दुपारी फौज नदी उतरून पलीकडे रानडुकरांच्या मुलखात शिरली. साळूबाई तडक सभेत गेल्या.

"सभेला न विचारता लढाई कशी सुरू झाली?"

उत्तर द्यायला प्रधान हसमुखराव तरस उठले. "लढाई कुठली, बाई? सदिच्छा भेट आहे."

"पलीकडे डुकरं मेली म्हणतात."

"ज्यांनी सदिच्छा स्वीकारली नाही, ती."

"पण त्यांनी आपलं केलं काय?"

"सुळे घासत होती."

"डुकरं जन्मभर सुळे घासतात, हसमुखराव."

"म्हणूनच धोका जुना आहे," हसमुखराव म्हणाले. सभेने टाळ्या वाजवल्या. पलीकडचे कंद फार गोड असतात, हे कोणी बोललं नाही. पण राजवाड्यातून त्यांचा वास येऊ लागला होता.

साळूबाई घरोघर फिरल्या. सांबरं म्हणाली, "पटतंय, पण देशद्रोही म्हणतील." ससे म्हणाले, "आमचं काय जातंय?" मग फौजेसाठी दुसरी भरती निघाली. तीत ससे आणि सांबरं होती. साळूबाईंचं म्हणणं रातोरात सगळ्यांना समजलं.

ठराव आला: फौज परदेशातून तात्काळ परत आणावी. हसमुखरावांनी सांगून पाहिलं की ही भेट रोज संध्याकाळी संपते आणि सकाळी नवी सुरू होते, त्यामुळे थांबवायला हाती काही लागत नाही. तरी ठराव दोन मतांनी मंजूर झाला. साळूबाईंना रडू आलं. काट्याच्या बिळात त्यांनी ताजा पाला अंथरला.

दुसऱ्या दिवशी ठिपकेश्वर स्वतः सभेत आला. "सभेपुढे मी नतमस्तक आहे," तो म्हणाला. "परदेशात माझा एकही शिपाई राहणार नाही. म्हणून नदीपलीकडचं रान फौज उतरली त्या दिवसापासून आपलंच आहे. फौज घरीच आहे."

ससे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. त्यांना बसा म्हणायचं धाडस सांबरांना झालं नाही. तीही उभी राहिली.

गलका ओसरल्यावर साळूबाईंनी विचारलं, "माझा काट्या कुठे आहे?"

हसमुखराव जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "वारला, बाई. परवाच. पण समाधान माना, लढाईत नाही. घरीच गेला."

साळूबाईंच्या पाठीवरचे काटे उभे राहिले. हसमुखराव दोन पावलं मागे सरले. पण साळूबाई त्यांच्याकडे न बघता सभेबाहेर पडल्या, आणि मुलाचं जे काही उरलं असेल ते आणायला एकट्या नदीत उतरल्या.

मागे सभेने दिवसाचा शेवटचा ठराव घेतला: एकही युद्ध न करता राज्य दुप्पट केल्याबद्दल शांतिदूत ठिपकेश्वर महाराजांचं अभिनंदन. विरोधात बोलणारं कोणी हजर नसल्याने तो एकमताने मंजूर झाला.