एका ताटातलं जेवण

"दोन्ही देश एक करायच्या करारावर तो सही का करत नाही, उस्ताद?"

विचारणारा बुकार, वाळवंटाच्या काठावरच्या एका नव्या देशाचा अध्यक्ष. शेजारच्या तितक्याच नव्या देशाचा अध्यक्ष हारूना उस्तादांच्या घरी समोरच बसला होता, पण बुकार त्याच्याशी बोलत नव्हता. दोघांनी लहानपणी याच उस्ताद उमरूंकडे धडे गिरवले होते. गोरे साहेब जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि इथे अबोला.

"त्यालाच विचार," उस्ताद म्हणाले.

"सही केली की माझी माणसं याच्या ताब्यात," हारूना म्हणाला. "आम्ही थोडे आहोत."

बुकार उसळला. "गोऱ्यांनी रेघ ओढली, ती मी पुसतोय. दोन्हीकडे भाषा एक, नमाज एक. संध्याकाळपर्यंत सही झाली नाही, तर माझी फौज आत शिरेल. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल तो."

उस्तादांनी ताट आणायची खूण केली.

"आधी जेवू," ते म्हणाले.

भलंमोठं लाकडी ताट मध्ये आलं. शिजवलेली बाजरी, वर मटण. त्या मुलखात सगळे एकाच ताटात जेवतात. आपल्या पुढ्यातलं खायचं, दुसऱ्याच्या बाजूला हात घालायचा नाही. पहिला घास वयाने मोठ्या पाहुण्याचा.

मोठा बुकार होता. हारूना हात धुऊन त्याच्यासाठी थांबला.

बुकारने मागे खूण केली. शरीररक्षकाने एक डबा पुढे ठेवला.

"मी घरचंच खातो," बुकार म्हणाला. "दिवस वाईट आहेत. तुमच्यावर संशय नाही, उस्ताद, पण..."

हारूनाचा चेहरा उतरला. विषाचा संशय कोणावर, हे न बोलताही त्याला कळलं होतं.

उस्तादांनी हात लांबवला. बुकारच्या पुढ्यातला घास उचलला, सावकाश चावला, गिळला. आणि त्याच्याकडे बघत राहिले.

बुकारला लाज वाटली, चांगलीच वाटली. तरी त्याने डबाच उघडला.

"देश एक होऊ दे," तो खाली मान घालून म्हणाला. "मग मीही निर्धास्त जेवेन या ताटात. आता सांगा त्याला."

"सांगतो," उस्ताद म्हणाले. "पण बुकार, देश एक झाल्यावर हारूनाने डबा कुठून आणायचा?"