कोळशाच्या पाटल्या

"बाबा, माझा तांब्या तुमच्यापेक्षा सुबक आहे. मग तो भिंतीवरच कसा राहतो?"

केरबा पेंटर चिडला होता, आणि त्याचं चिडणं रास्तच होतं. तालुक्यातल्या निम्म्या दुकानांचे बोर्ड त्याच्या हातचे. समोर बसलेले जमालबाबा म्हणजे गावाबाहेर पिराजवळ खोपटात राहणारे म्हातारे फकीर. त्यांना धड गोलसुद्धा काढता येत नव्हता.

पण बाबा चुलीतला कोळसा घेत, भिंतीवर वेडावाकडा तांब्या काढत आणि त्यावर तळहात टेकवत. तांब्या हातात येई, पाण्यानं भरलेला. केरबा आला होता हातचलाखी पकडायला. आठ दिवस झाले, काही सापडेना, तेव्हा चेला होऊन बसला.

बाबांनी आपला तांब्या घटाघटा रिकामा केला आणि मिशा पुसल्या.

"तुझा देखणा आहे," ते म्हणाले.

"मग?"

"देखणा आहे, एवढंच... तुला कशाला पाहिजे रे ही विद्या?"

केरबानं मान खाली घातली.

"माझ्या शिक्षणापायी आईनं हातातल्या पाटल्या मोडल्या. मी बोलून गेलो, पाटल्या घेऊन येईन तवाच घरात पाऊल टाकीन. सहा वर्षं झाली. बोर्ड रंगवून पोट भरतं, पाटल्या होत न्हाईत."

"आई कशी आहे?"

"अंथरुणाला खिळलीय. गावचं माणूस बाजाराला आलं की निरोप आणतं. परवा तिसरा आला. नुसतं तोंड दाखव म्हणती."

"मग?"

"रिकाम्या हातानं कसा जाऊ?"

बाबांनी कोळसा पुढे सरकवला.

"काढ पाटल्या."

केरबानं अख्खी सकाळ घातली. चार पाटल्या, प्रत्येकीवर बारीक नक्षी, कडेला उजेडाची चमक. सराफानं बघितल्या असत्या तर कसोटीचा दगड काढला असता. केरबानं तळहात टेकवला, जीव मुठीत धरून उचलला.

हात काळा झाला, बाकी काही नाही.

"उद्या उठल्यापासून पाणी पिऊ नको," बाबा म्हणाले.

चैत्राचं ऊन. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत केरबाची जीभ टाळूला चिकटली. डोळ्यांपुढे भिंत हलायला लागली. बाबांना शिव्या द्याव्यात असं त्याच्या मनात आलं, पण तेवढी ओल तोंडात नव्हती.

"आता तांब्या काढ."

या खेपेला सुबकपणा गेला उडत. एकच रेघ, तीही थरथरती. गळा एकीकडे झुकला, बूड तिरकं आलं. केरबानं हात टेकवला.

हाताला गार लागलं.

तांब्या खरोखर हातात आला. केरबा अर्धा तांब्या पाणी प्यायला, उरलेलं डोक्यावर ओतून वेड्यासारखा हसत सुटला. तांब्या जमिनीवर ठेवायला गेला तर कलंडायला लागला. त्यानं तो डाव्या हातातच धरून ठेवला. पहिली कमाई होती ती.

"कळलं, बाबा. देखणेपणाचं काम न्हाई हे. आता पाटल्या काढतो. डोळे मिटून काढतो."

"बघ."

केरबानं डोळे मिटले. कोळसा भिंतीवर फिरू लागला. कधी अडला, कधी भरभर चालला. बराच वेळ लागला. पाटल्यांना एवढा वेळ कसा, असं त्याचं त्यालाही वाटलं.

त्यानं डोळे उघडले.

भिंतीवर दार होतं. दोन फळ्यांचं. डावीकडची फळी खालून ठिगळ लावलेली. उंबरा मधोमध झिजलेला.

"हे... आमचं दार."

"हं. आतली कडी नाही दिसली फटीतून. काढायची राहिली का?"

"राहिली न्हाई. आई लावतच न्हाई ती. मी गेल्यापासनं लावत न्हाई, गावची माणसं सांगतात."

हे गावच्या माणसांनी त्याला कितीदा तरी सांगितलं होतं. म्हातारीचं खूळ म्हणून त्यानं ते हसण्यावारी नेलं होतं. आज ते स्वतःच्या तोंडून ऐकताना त्याला हसू आलं नाही.

दाराच्या फटीतून गोवरीचा धूर येत होता. आत कुणीतरी खोकलं. तो खोकला त्याच्या ओळखीचा होता.

केरबा दारापाशी गेला. वीतभर अंतरावर थांबला. डाव्या हातात तांब्या, उजव्या हातात कोळसा.

"बाबा... थोडं थांबतो. आता जमायला लागलंय. पाटल्या निघाल्या की लगेच जातो."

आत पुन्हा खोकला आला. या वेळी जास्त वेळ.

बाबा उठले. त्यांनी केरबाच्या एका हातातून कोळसा काढून घेतला, दुसऱ्या हातातून तांब्या.

"भरल्या हातांनी दार ढकलता येतं का, केरबा?"