डोळे उघडले गं

कुंभेरीच्या शिवेवर पाऊल ठेवलं की समोर डोळाईचा डोंगर दिसतो. पायथ्यापासून देवळाच्या ओट्यापर्यंत नुसती सीताफळं. मुरमात, कपारीत, पायऱ्यांच्या सांध्यात, जिथे बी पडलं तिथे झाड. ही कुणी लावली असं विचारलं, तर गावकरी हसून म्हणतात, "थुंकून लावली." पाहुण्याला वाटतं, आपली थट्टा चालली आहे. पण ते खरंच सांगत असतात.

फार मागे, म्हणे, हा डोंगर उघडाबोडका होता आणि साऱ्या गावात सीताफळाचं झाड एकच, तुळसाबाई माळणीच्या परसात. तिची सून सारजा. सारजेला मुलगी झाली, हातापायांनी धड, गुटगुटीत; पण डोळे काही उघडेनात. बारसं झालं, कान टोचून झाले, पोर झोपेत हसायला लागली, तरी पापण्या मिटलेल्याच. वैदूचा झाडपाला झाला, दृष्ट काढून झाली. आल्यागेल्या बायका झोळीत डोकावायच्या आणि चुकचुकायच्या. त्या चुकचुकण्याचा सारजेला भारी संताप यायचा.

शेवटी ती डोळाईच्या पायरीवर डोकं टेकून बोलली, असं सांगतात: "आई, पोरीचं डोळं उघडलं असं कानावर आलं, की हातातलं काम टाकून यीन. आधी तुझं पाय धरीन, मग लेकीचं त्वांड बघीन."

नवरात्राच्या तोंडावर सारजा डोंगराच्या पायथ्याला, ओढ्यावर गोधड्या धूत होती. घरी तुळसाबाई नातीला मांडीवर घेऊन झाडाखाली बसलेली. त्या झाडाला यंदा पहिल्यांदाच फळ धरलं होतं, तेही एकच, आणि म्हातारी रोज उठून त्याचे डोळे तपासायची. सीताफळाच्या अंगावरच्या फुगीर खवल्यांना माळी डोळे म्हणतात. कोवळेपणी ते एकमेकांना चिकटून असतात. फळ तोडणीला आलं की फाकतात आणि मधल्या भेगा पांढुरक्या दिसू लागतात. त्या सकाळी त्या भेगा दिसल्या. तुळसाबाईचा आवाज मुळातच चार शेतांपलीकडे जाणारा. तिने हाळी दिली, "सारजे, डोळं उघडलं गंऽऽ!"

सारजेच्या हातातली गोधडी ओढ्याने नेली. तिने वळूनही पाहिलं नाही. धापा टाकत ती डोंगर चढली, घंटा बडवली, देवीच्या पायांवर लोळण घेतली आणि हसत रडत महिपती गुरवाकडून मळवट भरून घेतला. घंटा ऐकून शेतातली माणसं वर आली. बायकांनी फेर धरला, गुरवाने संबळ काढला. सारजा इतकी कधी नाचली नव्हती.

तेवढ्यात तुळसाबाई पोहोचली. एका हातावर नात, दुसऱ्या हातात ते फळ. सुनेचा मळवट बघून ती ओट्यावरच थबकली.

"सारजे," ती कशीबशी म्हणाली, "अगं, म्या फळाचं म्हनत हुते."

संबळ थांबला. सारजेने लेकीकडे पाहिलं. पापण्या मिटलेल्याच होत्या. ती तिथेच खाली बसली.

"आता गं?" महिपती गुरव म्हणाला. "नवस तर फिटला. फिटल्याला नवस माघारी घेता येत न्हाई, शास्त्रात बसत न्हाई." कुठल्या शास्त्रात, हे त्याला कुणी विचारलं नाही.

सारजेने डोळे पुसले. सासूच्या हातातलं फळ घेऊन देवीपुढे ठेवलं आणि भांडणाला उभी राहावी तशी कमरेला पदर खोचून म्हणाली, "आई, माझं म्या दिलं. आता तुझं ऱ्हायलं. फळाचं एवढं डोळं उघडलंस, माझ्या पोरीचं दोनच हायती."

आधी तुळसाबाईला हसू फुटलं, मग गुरवाला, मग सगळ्यांनाच. त्या गदारोळाने पोर दचकली. नाक मुरडलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि एक डोळा किलकिला केला; मग दुसरा. समोर गुरवाच्या मिशा होत्या. त्या बघून तिने असं भोकाड पसरलं की पुन्हा संबळाची गरज उरली नाही. सारजेने तिला उराशी धरलं, पुन्हा दूर धरून पाहिलं, पुन्हा उराशी धरलं. आयुष्यात एवढा आनंद मावतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

फळ देवीपाशीच पिकलं. गुरवाने ते सगळ्यांना वाटलं, असं गुरवाच्या घरचे सांगतात. बाकीच्यांचं म्हणणं जरा वेगळं आहे. बिया मात्र ओट्यावरून उतारावर थुंकल्या, याबद्दल दुमत नाही.

आजही नवरात्राआधी कुंभेरीत पहिल्या फळाचे डोळे उघडले की कुणीतरी हाळी देतं आणि ज्याच्या घरी काही अडलं असेल तो फळ घेऊन डोंगर चढतो. साऱ्या मुलखात नवस आधी बोलतात, मग फेडतात. डोळाईला आधी फेडतात. नाचून घेतात, पेढे वाटतात, आणि सगळं उरकल्यावर देवीला हळूच सांगतात, "आता तुझं ऱ्हायलं."