हत्तीची खूण

संस्थानचा हत्ती बिथरला, तेव्हा त्याला शांत करायची खूण ठाऊक असलेला चाकरीतला एकमेव माहूत रंगोजी नेमका परगावी होता. हत्तीने दिवाणसाहेबांचा मांडव भुईसपाट केला.

रंगोजी परतताच दिवाण महाराजांसमोर भर दरबारात कडाडले, "बाकीच्या माहुतांना खूण का नाही सांगितलीस? ही लपवाछपवी शिकवली कुणी तुला?"

रंगोजीने हात जोडले, पण मान ताठच ठेवली. "आपणच, सरकार! माझे उस्ताद सुभानजी यांनी मला सारी विद्या दिली. लगेच आपण त्यांना घरी बसवलंत. म्हणालात, चेला तयार झाला, आता म्हाताऱ्याचं काय काम?"

महाराजांनी हुकूम सोडला, "सुभानजींना आजच मानाने परत आणा!"

रंगोजीने वळून माहुतांना हाक घातली, "चला रे, खूण शिकवतो!"