आमटीत पाल

“पण लोक ऐकत का नाहीत, आक्का?”

शाल्मली धापा टाकत मठाच्या पायऱ्या चढली आणि वर पोचायच्या आत तिने विचारलंसुद्धा. एके काळी ती इथेच आक्कांच्या हाताखाली शिकली होती. आता अर्थमंत्र्यांची निवेदनं लिहायची, आणि आपल्या शब्दांवर तिचा भारी भरवसा.

“काय ऐकत नाहीत?” आक्कांनी आमटीच्या पातेल्याखालचा जाळ ओढला.

“बँक शाबूत आहे, हे! सकाळ-संध्याकाळ घसा फोडून सांगतोय आम्ही. तरी दारात ही झुंबड! उद्या शटर उघडलं आणि सगळ्यांनी एकदम ठेवी मागितल्या, तर बुडालीच म्हणायची बँक.”

“का? पैसे नाहीत तिच्यात?”

“आहेत... म्हणजे, अंदाजपत्रकाला भगदाड पडलं होतं ना, म्हणून सरकारने तात्पुरते उचलले. ठेवणार आहोत परत! आक्का, तुमचं लोक ऐकतात. उद्या बँकेच्या दारात उभं राहून एवढंच म्हणा, घाबरू नका.”

आक्का काही बोलणार, तोच अंगणातल्या पंगतीत कुजबुज उठली. सकाळपासून बँकेच्या रांगेत ताटकळलेलीच माणसं ती, दोन घास खायला आलेली.

“आमटीत पाल पडली म्हणे!”

सगळे हात पानावर थबकले.

मठाची रीत अशी, की रांधणाऱ्याने पंगतीसमोर आधी स्वतः खायचं. आज शाल्मलीच्या प्रश्नापायी ते राहूनच गेलं होतं.

“बघा! अशीच उठते अफवा!” तिला चेव चढला. “थांबा, मी सांगते त्यांना.”

ती ओट्यावर उभी राहिली.

“मंडळी! आमटी पूर्णपणे सुरक्षित आहे! अफवांवर विश्वास ठेवू नका! परिस्थिती नियंत्रणात आहे!”

“अगं बाई, मग पालच आहे,” एक म्हातारी म्हणाली आणि पान सारून उठली. तिच्या मागोमाग शेजारचेही उठले.

आक्कांनी वाटी भरून शाल्मलीपुढे धरली.

तिने आत पाहिलं. काळं, लांबट काहीतरी तरंगत होतं. ती दचकून मागे सरली. सगळी पंगत तिच्याकडेच बघत होती.

“आमसूल असेल...” ती पुटपुटली. हात काही पुढे होईना.

“तुझ्या आईची ठेव होती ना गं त्या बँकेत?” आक्कांनी हळूच विचारलं.

“होती... गेल्या आठवड्यात काढली. साहेबच म्हणाले, काढून घ्या. त्यांनीही... म्हणजे, आमच्या सगळ्या ऑफिसनेच.”

आक्कांनी वाटी तोंडाला लावली. घटाघट रिकामी केली. ते काळं, लांबट बोटाने उचलून मजेत चघळलं.

आमसूलच होतं.

पंगतीत हशा पिकला. उठलेली म्हातारी पुन्हा पानावर येऊन बसली. “वाढा गं लवकर, पोटात कावळे ओरडतायत!”

शाल्मली आनंदाने उडायचीच बाकी राहिली.

“हेच, आक्का! अगदी हेच! उद्या बँकेच्या दारात एवढंच करा! काही बोलूसुद्धा नका. तुम्ही नुसत्या दिसलात तरी लोक घरी जातील, सगळं निभावेल! याल ना? ...आक्का?”

आक्कांनी रिकामी वाटी तिच्या हातात ठेवली.

“पोरी... ही आमटी मी केली होती.”