डाव्या पायाची वहाण

किती वर्षं झाली हे सांगायला आता कुणी उरलं नाही, इतकी जुनी ही गोष्ट आहे.

समुद्राकाठच्या एका राज्यात मोठी राजधानी होती आणि राजधानीत नावाजलेली पाठशाळा होती. दरवर्षी थंडी सरली की नगरातले श्रीमंत लोक गोरगरिबांच्या मुलांसाठी भेटी देत. पाठशाळेचे विद्यार्थी ती गाठोडी गाड्यांत भरून मिठागरांच्या वस्तीवर नेत आणि तिथल्या मुलांना वाटत. गाठोडी शिवलेली येत. वर दात्याच्या नावाची चिठ्ठी असे. गाठोडी उसवून आत डोकावायचं नाही, असा आचार्यांचा दंडक होता. "दान तपासू नये," ते म्हणत.

पाठशाळेत शिकणारी केतकी त्या वर्षी पहिल्यांदाच गाड्यांबरोबर निघाली. सात गाड्या होत्या, बरोबर आचार्य होते. वाटेत सगळे गात होते, तीही गात होती. आपण काहीतरी फार चांगलं करतो आहोत, या आनंदाने तिला आदल्या रात्री झोप लागली नव्हती.

वस्तीवरची मुलं सकाळपासून बांधावर रांगेत बसवली होती. ऊन चढलं, तरी कुणाला उठू दिलं नव्हतं. नगरशेठ स्वतः पाहायला येणार होते. ते आले दुपारी. त्यांच्यावर छत्री धरली गेली, मुलांकडून त्यांचा जयजयकार करवला गेला आणि मग वाटप सुरू झालं.

केतकीने पहिलं गाठोडं मैनी नावाच्या मुलीला दिलं. सात-आठ वर्षांची पोर. खाऱ्या पाण्यात उभं राहून तिच्या टाचा फाटल्या होत्या. तिने दातांनी दोरा तोडला आणि आतून एक वहाण निघाली. लाल, जरीची. पोरीचा चेहरा उजळला. तिने ती लगेच पायात घातली आणि गाठोड्यात पुन्हा हात घातला. मग गाठोडं उलटं करून झटकलं.

"ताई, दुसरी कुठं हाय?"

केतकीने गाडीत शोधलं. गाडीखाली शोधलं. दुसरी वहाण नव्हतीच. चिठ्ठीवर नाव नगरशेठांचं होतं.

तेवढ्यात शेजारच्या मुलाने आपलं गाठोडं सोडलं. बाह्या नसलेला सदरा. पलीकडे फुटका भोवरा. त्याच्या पलीकडे उंदरांनी कुरतडलेली गोधडी. मुलं एकमेकांकडे बघू लागली. रडलं कुणीच नाही, आणि तेच केतकीला सोसवेना.

"हसा रे, हसा!" आचार्य दबक्या आवाजात म्हणाले. "शेठजी बघताहेत."

केतकीच्या कानशिलांतून आग निघाली. तिने गाडीवरचं एक गाठोडं ओढलं आणि फाडलं. दुसरं फाडलं. तिसऱ्यातून मान तुटलेली एक बाहुली बाहेर पडली, आणि केतकी जागच्या जागी थिजली. ती बाहुली तिच्याच घरची होती. तिनेच ती आठवड्यापूर्वी आईला दिली होती. "असली तरी चालेल ना गं तिथे?" असं विचारूनही दिली होती.

क्षणभर तिला वाटलं, गप्प बसावं. पण राग आता तिच्यावरच उलटला होता, आणि त्याला थोपवणारं कुणी नव्हतं.

"शेठजी!" ती ओरडली. "ही वहाण तुमच्या नातीला घालाल? एकाच पायात? आणि ही बाहुली माझी आहे. मी कचऱ्यात टाकणार होते, ती इथे पाठवली. मला लाज वाटते. तुम्हाला वाटते का?"

"मुली, तोंड आवर!" आचार्य धावले. "मिळतंय ते काय थोडं आहे यांना?"

तेव्हा बाजूला उभी असलेली भिवरा पुढे आली. वस्तीतली सगळ्यांत जाणती बाई. तिचा आवाज चढला नाही.

"आमी मागितलं व्हतं का, गुरुजी? आमच्याकडनं राजधानीला मीठ जातं. पांढरंशुभ्र, निवडलेलं. चिखलाचं खालचं मीठ आमी घरी ठेवतो. तुमच्या ताटात कधी खडा लागला?"

शेठजींनी छत्रीवाल्याला खूण केली आणि ते चालते झाले.

"उचला हे," भिवरा म्हणाली. "आमची लेकरं उकिरडा न्हाईत."

विद्यार्थ्यांनी खाली माना घालून सगळं चिठ्ठ्यांसकट पुन्हा गाड्यांत भरलं. परतताना कुणी गायलं नाही. आचार्यांनी बजावलं, की गाड्या गुपचूप पाठशाळेमागच्या खड्ड्यात रिकाम्या करा. केतकीने बैलांचा कासरा धरला आणि पहिली गाडी सरळ नगरात घातली. बाकीच्या सहा तिच्यामागे गेल्या.

रात्र पडेपर्यंत ते विद्यार्थी दारोदार हिंडले. चिठ्ठीवरचं नाव मोठ्याने वाचायचं आणि गाठोडं दात्याच्या हाती ठेवायचं. "तुमचं सामान परत आणलंय." कुणी दार लावून घेतलं, कुणी शिव्या दिल्या. एक बाई म्हणाली, "अगं, त्यांना काय कळतंय?" केतकी म्हणाली, "सगळं कळतं. एवढंच आहे, की ते तुमच्या तोंडावर बोलत नाहीत." शेठजींच्या वाड्यावर कुणी पुढे येईना, तेव्हा तिने ती वहाण उंबऱ्याच्या मधोमध ठेवली. बघायला सारी पेठ लोटली होती. शेवटी ती आपल्या घरी गेली आणि बाहुली आईसमोर ठेवून, भिंतीकडे तोंड करून रडली.

आचार्यांनी तिला पाठशाळेतून काढलं. पण तिच्या मागोमाग निम्मे विद्यार्थी उठून बाहेर आले. अर्ध्या रिकाम्या वर्गासमोर आठ दिवस बसल्यावर आचार्यांनी सगळ्यांना परत बोलावलं आणि दान न तपासण्याचा तो दंडकही मोडीत काढला.

पुढच्या वर्षी सातांऐवजी दोनच गाड्या निघाल्या. पुष्कळांना लाज वाटली ती एवढीच, की त्यांनी देणंच बंद केलं. पण निघण्याआधी केतकीने त्या दोन गाड्यांमधली प्रत्येक वस्तू हातात धरून पाहिली, आणि वस्तीवरून एकही वस्तू परत आली नाही.

तात्पर्य: जे आपल्या लेकराच्या हातात ठेवायला लाज वाटते, ते दुसऱ्याच्या लेकराला देणं हे दान नव्हे, तो अपमान आहे.